ब्रेक पॅड नेमके कधी संपले म्हणायचे? आणि डिस्कही बदलायची का? (रोजचा कोल्हापूर-गगनबावडा रस्ता)

कळंबा_काठ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते. या शनिवारी करूळ घाट उतरून माहेरी जायचंय, त्याआधी निर्णय घ्यायला हवा.

गाडी २०१८ची पेट्रोल हॅचबॅक. पुढं डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, पॅड तिलाच दाबतात), मागं ड्रम. रीडिंग ५३ हजार. दीड वर्षापूर्वी माझी बदली साळवणच्या पुढच्या शाळेत झाली. तेव्हापासून बालिंगा, कळे करत जाऊन-येऊन रोजचे नव्वदेक किलोमीटर होतात. पुढचे पॅड ३० हजाराला एकदा बदललेत, म्हणजे आत्ताचे २३ हजार चाललेत.

गेले पंधरा दिवस पुढच्या डाव्या चाकातून बारीक 'चीं' असा आवाज येतोय. गाडी हळू असली की जास्त. ब्रेकवर पाय ठेवला की थांबतो, सोडला की पुन्हा सुरू. शिवाय हायवेला ८०च्या पुढं असताना ब्रेक दाबला तर स्टेअरिंग थरथरतं.

दोन गॅरेजला दाखवलं. पहिल्यानं चाक न खोलताच सांगितलं, "पॅडचा सेट आणि दोन्ही डिस्क गेल्या, सगळं बदला." दुसऱ्यानं उजवं चाक खोललं, पॅडला पट्टी लावली आणि म्हणाला, "आठ मिलिमीटर आहे, वर्षभर बघायचं काम नाही." आता कुणाचं खरं मानू? मला स्वतःला बघून ठरवता येईल असं काही आहे का? खर्च करायची तयारी आहे, पण घाटात मुलं बरोबर असतात, तेव्हा अंदाजावर सोडायचं नाही.

रंकाळा_सकाळ | सोमवार, रात्री १०.०५

ताई, माझा हिशोब सरळ आहे. ४० हजाराला पॅड, ८० हजाराला पॅड आणि डिस्क दोन्ही. तीन गाड्या अशाच वापरल्या, कधी अडचण आली नाही. तुमचा रस्ता घाटाकडचा, म्हणून ३० हजार धरा. तुमचे अजून थोडे चालतील.

घाटवाट | सोमवार, रात्री १०.३०

किलोमीटरवर पॅडचा हिशोब बसत नाही ओ. महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोड करत दिवसभर शहरात फिरणारी गाडी आणि तीच गाडी पुणे हायवेला पळणारी, दोन्हींचे पॅड सारखे झिजतील का? मी सव्वीस वर्षं कोल्हापुरातून कोकणात माल उतरवलाय. आंबा, करूळ, फोंडा, सगळे घाट. एकाच गाडीच्या दोन चाकांचे पॅड वेगवेगळे संपलेले बघितलेत.

ताई, तुमच्या आवाजाचं सांगतो. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजत २-३ मिलिमीटरवर आला की ती जीभ डिस्कला टेकते आणि 'चीं' करते. ब्रेक दाबला की ती जरा दबते, म्हणून आवाज बऱ्याचदा थांबतो. मुद्दाम तशी केलेली असते, आवाज करून मालकाला सांगायला. त्याच्यापुढं 'खर्र खर्र' असा लोखंड घासल्याचा आवाज सुरू झाला तर पॅड संपून मागची प्लेट डिस्कला लागली. मग गाडी जिथं आहे तिथंच उभी करायची.

मला तुमच्या दुसऱ्या गॅरेजचं पटलं नाही. आवाज डावीकडं आणि चाक खोललं उजवं?

उद्यमनगर_लेथ | मंगळवार, सकाळी ७.१५

ताई, माझं शिवाजी उद्यमनगरात लेथचं काम आहे. डिस्क आणि ड्रम फेसिंगला, म्हणजे लेथवर तासून सपाट करायला, रोज येतात. सविस्तर सांगतो, घाई करू नका.

आधी ते 'आठ मिलिमीटर'. पॅड म्हणजे दोन थर. मागं लोखंडी प्लेट, साधारण ५ मिलिमीटरची, आणि तिच्यावर चिकटवलेलं घर्षणाचं मटेरियल. झिजतं ते फक्त मटेरियल. पट्टी लावून आठ आलं असेल आणि त्यात प्लेट धरली असेल, तर खरे उरले तीनच. ही चूक मी इतक्या वेळा बघितलीय की पॅडचा आकडा कुणी सांगितला की माझा पहिला प्रश्न हाच असतो, प्लेट धरून की सोडून?

नवीन पॅडचं मटेरियल साधारण १० मिलिमीटर असतं, गाडीप्रमाणे थोडं कमी-जास्त. आपल्याला पंचगंगेच्या पुराचे राजाराम बंधाऱ्यावरचे आकडे तोंडपाठ असतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. तसंच पॅडचं धरा. ३ मिलिमीटर ही इशारा पातळी, त्याच आठवड्यात बदलायचे. २ मिलिमीटर ही धोका पातळी, घाटाचं नावच काढायचं नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. चाकाच्या फटीतून टॉर्च मारला की बाहेरचा पॅड दिसतो. आतला, म्हणजे इंजिनच्या बाजूचा, दिसत नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, दोन पिनांवर सरकणारं असतं. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. तो आतला पॅड दाबतो, मग पूर्ण कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतं. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकतच नाही. सगळा भार आतल्या पॅडवर येतो आणि ब्रेक सोडल्यावरही तो घासत राहतो. अशा वेळी बाहेरचा पॅड अर्धा शिल्लक असतो आणि आतला संपलेला असतो. म्हणून चार आकडे लागतात: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. एका पॅडवरून कुणी काही सांगत असेल तर ऐकू नका.

तिसरं, डिस्क. डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा कडेला तिची किमान जाडी कोरलेली असते. गंजाखाली लपते, तारेच्या ब्रशनं घासा. नवीन जाडी आणि किमान जाडी यांत बहुतेक गाड्यांना दोन मिलिमीटरच्या आसपासच फरक असतो. साधा वर्निअर (जाडी मोजायची सरकती पट्टी) सरळ लावला तर चुकेल, कारण डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेला काठ राहतो आणि वर्निअर त्याच्यावर टेकतो. घरगुती उपाय म्हणजे सारखीच दोन नाणी घ्या. आधी दोन्हींची जाडी मोजून ठेवा. मग काठाच्या आत डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. चाक फिरवत आठ जागी घ्या.

गाडी उद्यमनगरात आणता आली तर आणा, मायक्रोमीटरनं मोजून देतो. मोजायचे पैसे घेत नाही.

पन्हाळा_पायथा | मंगळवार, सकाळी ८.५०

वरच्या पोस्टला जोड. चाक न खोलता आतला पॅड बघायचा असेल तर स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि चाकाच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून फोटो काढा. पूर्ण खात्री होत नाही, पण फार झिजला असेल तर कळतं. अनेक पॅडच्या मध्ये एक चीर असते. ती चीर बुजत आली असेल तर पॅड शेवटाला आलाय.

आणि ब्रेक ऑइलची डबी बघा. पॅड झिजतो तसा पिस्टन बाहेर येतो आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. पातळी उतरलेली दिसली म्हणून कुणाला ऑइल टाकू देऊ नका. नवे पॅड बसवताना पिस्टन मागं ढकलला की ते ऑइल वर येऊन सांडतं आणि बॉनेटखालचा रंग खातं. माझ्या गाडीचा खाल्लाय.

कळंबा_काठ | बुधवार, रात्री ८.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज शाळा सुटल्यावर थेट उद्यमनगरात गेले. दादांनी दोन्ही चाकं खोलली आणि प्रत्येक आकडा मला बघायला लावला. प्लेट सोडून पॅड असे निघाले:

उजवा बाहेरचा ४, उजवा आतला ३.
डावा बाहेरचा ६, डावा आतला एका टोकाला २ आणि दुसऱ्या टोकाला दीड.

एकाच चाकात एक पॅड सहा आणि दुसरा दीड! बाहेरून बघून कुणालाही डावी बाजूच जास्त चांगली वाटली असती. डाव्या कॅलिपरची खालची पिन हातानं हललीच नाही. तिचं रबर फाटलंय आणि आत लाल माती वाळून घट्ट बसलीय. जुलैत रस्त्यावर आलेल्या पाण्यातून दोनदा गाडी काढली होती, तेव्हाच गेली असणार असं दादांचं म्हणणं.

डिस्कवर किमान २० मिलिमीटर कोरलंय, नवीन २२ची असते. उजवी सगळीकडे २१.० भरली. डावी आठ जागी मोजली, २०.३०पासून २०.३६पर्यंत. डावीवर नख अडकेल अशा खोल रेषा आहेत.

म्हणजे डावी डिस्कसुद्धा अजून किमान जाडीच्या वर आहे. मग बदलायची की फेसिंग करून चालेल? दादा म्हणाले, "ते मी सगळ्यांसमोर धाग्यावर लिहितो."

उद्यमनगर_लेथ | बुधवार, रात्री ९.४५

लिहितो. फेसिंग हा माझा धंदा आहे, त्यामुळं 'करा' म्हणणं मला सोपं होतं. पण ही डिस्क मी लेथवर चढवणार नाही.

त्या रेषा जाईपर्यंत दोन्ही बाजूंनी मिळून किमान अर्धा मिलिमीटर काढावा लागेल. २०.३०मधून अर्धा गेला की १९.८०. म्हणजे माझ्या लेथवरून उतरतानाच ती किमान जाडीच्या खाली गेलेली असेल. पातळ डिस्कमध्ये उष्णता साठवायला लोखंडच कमी, ती लवकर तापते, तडा जायची भीती वाढते. घाटात हे चालत नाही. करूळ उतरताना गाडी जेवढी खाली येते, ती सगळी उंची उष्णता होऊन कुठंतरी जायला हवी. गिअरनं इंजिनवर घेतली तेवढी वाचली, उरलेली बहुतेक डिस्कमध्ये.

थरथर का होते तेही सांगतो. लोक 'डिस्क बेंड झाली' म्हणतात. बऱ्याचदा बेंड नसतेच, जाडी सारखी नसते. फिरताना जाड जागा आली की पॅड ढकलला जातो, पातळ आली की सैल पडतो. दोन शतांश मिलिमीटरचा फरकही स्टेअरिंगला किंवा पेडलला जाणवू शकतो, ताईंच्या डिस्कमध्ये सहा आहे. साध्या वर्निअरवर हा फरक भरवशानं पकडता येत नाही, म्हणून मायक्रोमीटर.

आणि गॅरेजवाल्यांना हात जोडून एक सांगणं. नवी डिस्क बसवायच्या आधी हबचं, म्हणजे डिस्क ज्याच्यावर बसते त्या भागाचं, तोंड तारेच्या ब्रशनं चकचकीत करा. गंजाचा पापुद्रा किंवा मातीचा खडा मध्ये राहिला तर नवी डिस्कही वाकडी फिरते, आणि दोन-चार हजार किलोमीटरमध्ये तिची जाडी असमान होऊन थरथर परत येते. कित्येक चांगल्या डिस्क नुसत्या त्या गंजापायी माझ्याकडं फेसिंगला येतात. चाकाचे नटही गननं वेडेवाकडे आवळू नका. समोरासमोरचे क्रमानं, सारख्या जोरानं.

रंकाळा_सकाळ | बुधवार, रात्री १०.१०

डावीचं पटलं. पण उजवी २१ आहे, म्हणजे अर्धं आयुष्य शिल्लक. ती कशाला फेकायची? एकच डिस्क बदलली तर खर्च निम्मा होईल.

फौंड्री_शिरोली | बुधवार, रात्री १०.५५

काका, एका अॅक्सलच्या, म्हणजे पुढच्या डाव्या-उजव्या चाकांच्या, दोन्ही डिस्क जोडीनंच बदलायच्या. एकीकडं २२ची नवी आणि दुसरीकडं २१ची जुनी, तीही गुळगुळीत झालेली, म्हणजे दोन्ही बाजूंचं तापणं आणि पकडणं वेगळं. जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढली जाऊ शकते. ओल्या रस्त्यावर, वळणात, ते नको. पॅडचंही तसंच, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे एकाच वेळी, एकाच जातीचे.

मी फौंड्रीत आहे. आमच्याकडं डिस्कचं कास्टिंग होतं, म्हणून त्या बाजूनं थोडं. डिस्क ग्रे कास्ट आयर्नची असते. त्याच्यात ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांचं जाळं असतं. ते उष्णता पटकन पसरवतं आणि कंपनं गिळतं. स्टील जास्त ताकदीचं असूनही रोजच्या गाड्यांना हेच लोखंड का वापरतात, त्याचं हे कारण.

पण डिस्क काही ठिकाणी फार तापली तर तिथल्या लोखंडाची रचना बदलते आणि अतिशय कडक ठिपके तयार होतात. बघायला निळसर-काळे दिसतात. असे ठिपके असतील तर जाडी कितीही शिल्लक असो, डिस्क बाद. फेसिंगनंही जात नाहीत. हत्यार तिथं उडी मारतं, आणि वरून साफ दिसलं तरी कडकपणा खोलवर असतो. आजूबाजूचं मऊ लोखंड झिजलं की ठिपका पुन्हा वर येतो. कडेपर्यंत गेलेली तडही तशीच, लगेच बाद. नुसत्या केसासारख्या बारीक रेषा आणि कडेपर्यंत गेलेली तड यांत मात्र फरक करा.

पावसाळ्यात रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसतो, त्याला घाबरू नका. चार वेळा ब्रेक लागला की तो जातो. त्या तांबड्या रंगाकडं बोट दाखवून कुणी डिस्क बदलायला सांगत असेल तर नाही म्हणा.

पन्हाळा_पायथा | गुरुवार, सकाळी ८.३०

दुसरी बाजूही नोंदवतो, नाहीतर धागा वाचून सगळे डिस्क बदलत सुटतील. माझी डिस्क किमान २०ची, मोजली तर २१.५, रेषा उथळ, थरथर नाही. नुसते पॅड बदलले, ३५ हजार किलोमीटर झाले, उत्तम चाललंय. फक्त बाहेरचा उंच काठ लेथवर घासून घेतला होता. तो ठेवला असता तर नव्या पॅडची कड त्याच्यावर चढून आवाज करत राहिली असती.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारला होता. आत्ता बसवतोय ते पॅड संपेपर्यंत ही डिस्क किमान जाडीच्या वर राहील का? ताईंच्या डावीचं उत्तर नाही असं आहे. माझ्या डिस्कचं हो होतं.

घाटवाट | गुरुवार, सकाळी ९.००

ताई, कॅलिपर उघडणारच आहे तर ब्रेक ऑइल बदलून घ्या. शेवटचं कधी बदललं होतं?

कळंबा_काठ | गुरुवार, दुपारी १.३५

मधल्या सुट्टीत लिहितेय. ब्रेक ऑइल बदलल्याची माझ्याकडं नोंदच नाही. म्हणजे गाडी घेतल्यापासून तेच असणार.

घाटवाट | गुरुवार, दुपारी २.१०

मग आजच. हे ऑइल हवेतली ओल शोषतं आणि पाणी मिसळलं की त्याचा उकळबिंदू खाली येतो. नवीन डॉट ४ दर्जाचं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ती मर्यादा १५५पर्यंत उतरते. डॉट ३चं तेच २०५ आणि १४०. घाटात पॅड तापले, कॅलिपर तापलं, ऑइल उकळलं, की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. पेडल पायाखाली रिकामं जातं. मला एकदा फोंड्याला हे झालंय, भरलेली गाडी होती. हॅन्डब्रेक आणि पहिला गिअर यांच्यावर गाडी आतल्या बाजूच्या डोंगराला लावली. पेडल रिकामं गेल्याची ती भावना अजून पायात आहे.

दर दोन वर्षांनी बदलायचं. कुठलं टाकायचं ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. पाइपातली हवा पूर्ण काढून घ्या. पेडल दगडासारखं घट्ट लागलं पाहिजे, स्पंजासारखं दबलं तर परत करायला लावा.

उतरताना ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. तुमच्या गाडीला करूळमध्ये दुसरा, काही वळणांवर पहिला. सतत पाय ठेवून बसायचं नाही. दाबायचं, वेग कमी करायचा, सोडायचं.

कळंबा_काठ | शुक्रवार, रात्री ९.१५

काल संध्याकाळी काम झालं. दोन्ही पुढच्या डिस्क, पॅडचा सेट, दोन्ही कॅलिपरच्या पिना आणि रबरं, ब्रेक ऑइल डॉट ४. डाव्या कॅलिपरची खालची पिन ठोकून काढावी लागली. हब माझ्यासमोर घासून घेतले, गंजाचा चांगला चमचाभर पापुद्रा निघाला. मागचे ड्रमही उघडून बघितले, लायनर (ड्रममध्ये पॅडसारखं झिजणारं मटेरियल) ठीक आहेत, नुसती धूळ ओल्या फडक्यानं पुसली. गॅरेजमधला पोरगा एअरगननं उडवायला निघाला होता, दादांनी थांबवलं. ती धूळ छातीत जायला नको म्हणाले.

एक गोष्ट मला माहीत नव्हती, म्हणून लिहिते. पॅड बदलल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल चार-पाच वेळा दाबायचं असतं. पिस्टन मागं ढकललेला असतो, त्यामुळं पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

आज पहाटे साडेपाचला रस्ता रिकामा असताना नवे पॅड डिस्कवर घासून रुळवून घेतले. ६०च्या वेगावरून १५-२०पर्यंत आणायचं, पूर्ण थांबवायचं नाही, सोडून पुन्हा वेग घ्यायचा, असं दहा वेळा. मध्ये अर्धा मिनिट मोकळं. शेवटी पाच-सहा किलोमीटर ब्रेक न लावता चालवून गार केलं. सुरुवातीला पकड कमी वाटत होती, आठव्या वेळेला फरक स्पष्ट जाणवला.

८०वर ब्रेक दाबला. स्टेअरिंग शांत.

कळंबा_काठ | रविवार, संध्याकाळी ६.५०

घरी पोहोचले. करूळ दोन्ही वेळा व्यवस्थित झाला. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये होते, मागून एकजण हॉर्न देत होता, त्याला जागा बघून पुढं जाऊ दिलं. खाली वैभववाडीत थांबल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेला. दोन्हीकडं सारखीच ऊब. आधी डावं चाक नेहमी जास्त तापलेलं असायचं. मला वाटायचं त्या बाजूला ऊन लागतं.

गाडीच्या वहीत लिहून ठेवलं: रीडिंग ५३,२१०, पॅड चारही १०, डिस्क दोन्ही २२.०. दिवाळीच्या सुट्टीत चाकं खोलून पुन्हा चारही पॅड मोजणार आणि पिना हलवून बघणार. ऊस सुरू झाला की कळ्याच्या रस्त्याला अंधारात ट्रॉली अचानक पुढं येते, त्याच्या आधी.

रंकाळा_सकाळ | रविवार, रात्री ८.०५

ताई, आज सकाळी मीही मुलाला घेऊन माझ्या गाडीची पुढची चाकं खोलली. पॅड २६ हजार चाललेले, माझ्या हिशोबानं अजून १४ हजार शिल्लक. तीन पॅड पाचच्या वर आहेत. उजवा आतला अडीच. डिस्कवरचा आकडा गंजामुळं वाचता येईना.

उद्यमनगर दादा, उद्या किती वाजता येऊ?

उद्यमनगर_लेथ | रविवार, रात्री ८.३०

साडेनऊला या काका. येताना हायवेनं नको, शहरातनं सावकाश या. आणि जुन्या पॅडचं खोकं ठेवलं असेल तर बरोबर आणा.